चाक बसलें म्हणजे जुळलें असें नव्हे
मोटारीच्या चाकाचीं मापें व तीं घरच्या घरीं तपासण्याची रीत

बैलगाडीचें चाक सुताराकडून करून घेणारा शेतकरी त्या चाकाविषयीं निष्काळजी कधींच नसे. तुंबा आंखावर नीट बसतो कीं नाहीं, आरे सैल आहेत काय, लोहारानें चढविलेली धांव घट्ट आहे कीं उन्हाळ्यांत ढिली होईल, हें सर्व तो स्वतः हात लावून पाही. एका गाडीचें चाक दुसरीस घालण्याचा प्रसंग आल्यास तें आंखावर चढतें एवढ्यानेंच त्याचें समाधान होत नसे. आज तोच शेतकरी मोटार, जीप किंवा माल वाहण्याची लहान पिकअप बाळगतो. तिच्यांतून बायकामुलांस घेऊन तासास साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगानें हमरस्त्यावरून जातो. परंतु तिच्या चाकाविषयीं मात्र दुकानदार जें सांगेल तें खरें मानून चालतो. भोंकें जुळलीं, नट आवळले, चाक बसलें, कीं काम संपलें असें तो समजतो. बसलेलें चाक आणि जुळलेलें चाक यांतील भेद दाखविणें व तो ओळखण्याची सोपी रीत सांगणें हा या लेखाचा हेतु आहे.

एक पाहिलेली गोष्ट

आमच्या एका स्नेह्यांकडे टोयोटाची जुनी इनोव्हा आहे. तिचीं लोखंडी चाकें गंजलीं म्हणून त्यांनीं एका दुकानांतून ह्युंदाईच्या मोटारीचीं वापरलेलीं अलॉय चाकें स्वस्तांत घेतलीं. चाकाचीं भोंकें पांच, मोटारीचे स्टड पांच. दोहोंचें वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचें, स्टडांचे आटेही दोन्ही मोटारींत सारखेच. दुकानांत हवेच्या पान्यानें नट आवळून दिले आणि मोटार घरीं आली. साठाच्या पुढें वेग गेला कीं सुकाणूचें चक्र हातांत थरथरूं लागे. प्रथम रस्त्यास दोष दिला. नंतर दोन वेळां चाकें तोलून घेतलीं. थरथर कायम राहिली. पुढें एके दिवशीं घरची मंडळी लग्नास निघावयाची, त्याच्या आदल्या सायंकाळीं सहज पाहतां एका नटाभोंवतीं गंजाचा लाल ओघळ दिसला. पाना लावून पाहतात तों पांचांपैकीं दोन नट केवळ बोटांनीं फिरण्याइतके सैल!

चाक उतरवून माप घेतलें तेव्हां कारण कळलें. इनोव्हाच्या हबवरील मधला उंचवटा ६०.१ मिलिमीटर व्यासाचा, आणि नव्या चाकाचें मधलें छिद्र ६७.१ मिलिमीटरचें. म्हणजे चाक हबवर चहूंबाजूंनीं साडेतीन मिलिमीटर मोकळें होतें. ज्या स्थितींत तें लोंबकळत होतें त्याच स्थितींत पहिला नट एकदम आवळला गेला आणि चाक मध्यापासून किंचित् सरकलेलें राहिलें. पुढील सर्व थरथर व सैलपणा त्या एका चुकींतून उत्पन्न झाला.

भार कोण तोलतो?

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, मोटारीचा भार चाकाच्या स्टडांवर लोंबकळत असतो. वस्तुस्थिति निराळी आहे. स्टड व नट यांचें काम चाकास हबच्या सपाट तोंडाशीं जोरानें दाबून धरणें हें होय; त्या दाबामुळें दोन पृष्ठांमध्यें जें घर्षण उत्पन्न होतें तेंच भार व ब्रेकचा झटका सोसतें. दाब पुरा असेल तोंवर स्टड निश्चिंत असतो. दाब कमी झाला कीं चाक हबवर सूक्ष्म प्रमाणांत सरकूं लागतें, स्टड प्रत्येक फेऱ्यागणिक वांकतो व सरळ होतो, आणि तार वारंवार वांकविल्यानें जशी तुटते तसा तो एके दिवशीं तुटतो. हें तत्त्व ध्यानांत ठेवल्यास पुढील प्रत्येक मापाचा अर्थ आपोआप उलगडेल. कारण चाकाचें तोंड हबच्या तोंडाशीं मध्यावर, सपाट व पुऱ्या दाबानें बसावें एवढ्यासाठींच हीं सर्व मापें पाहावयाचीं असतात.

बोल्टांचें वर्तुळ

स्टडांच्या मध्यबिंदूंतून जाणारें वर्तुळ कल्पिल्यास त्याच्या व्यासास मेस्त्री लोक ‘पी. सी. डी.’ म्हणतात. तें स्टडांच्या संख्येसह लिहितात: ४ × १०० म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार स्टड. मारुती स्विफ्ट, होंडा सिटी इत्यादि अनेक मोटारींस हें माप आढळतें. टाटांच्या नॅनोस तीनच स्टड होते. मोठ्या गाड्यांस पांच किंवा सहा असतात.

चार किंवा सहा भोंकें असल्यास समोरासमोरच्या दोन भोंकांच्या मध्यांमधील अंतर मोजावें; तेंच वर्तुळाचें माप. भोंकाचा मध्य नजरेनें ठरविणें कठीण असतें. म्हणून एका भोंकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावें, अंतर तेंच येतें. पांच भोंकांच्या चाकांत समोरासमोर भोंकें नसल्यानें थोडा हिशेब करावा लागतो. एक भोंक धरावें, शेजारचें सोडून त्यापलीकडच्या भोंकापर्यंतचें अंतर मोजावें आणि त्यास १.०५१५ नें गुणावें. उदाहरणार्थ, हें अंतर १०८.७ मिलिमीटर आल्यास वर्तुळ ११४.३ चें, १०६.५ आल्यास ११२ चें, १३२.९ आल्यास १३९.७ चें. एकदोन मिलिमीटरांनीं उत्तर पालटतें, म्हणून शिंप्याच्या फितीनें हें माप घेऊं नये. पोलादी पट्टी किंवा व्हर्निअर कॅलिपर घ्यावें.

११४.३ व १३९.७ असे अपूर्णांक कां येतात, असें वाचक विचारतील. तीं मूळचीं इंचांचीं मापें आहेत: साडेचार इंच व साडेपांच इंच. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपचें चाक साडेपांच इंचांच्या वर्तुळावर पांच स्टडांनीं बसे. महायुद्धानंतर महिंद्रांनीं मुंबईंत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला तेव्हां तें माप आपल्याकडे रूढ झालें. १९८५ सालीं आलेल्या मारुती जिप्सीसही हेंच वर्तुळ होतें. परंतु युद्धकालीन जीपचें रिम १६ इंचांचें व अरुंद, जिप्सीचें १५ इंचांचें. तेव्हां वर्तुळ एक म्हणून चाक एक असें मुळींच नव्हे. फॉर्च्युनर व हायलक्स यांचेंही वर्तुळ १३९.७ चेंच, परंतु स्टड सहा. त्यांचें चाक जिप्सीस लागणार नाहीं हें उघड आहे.

उघड चूक सहसां कोणी करीत नाहीं; धोका असतो तो जवळजवळ जुळणाऱ्या मापांत. फियाटच्या पालिओचें माप ४ × ९८ होतें. ४ × १०० चें चाक तिच्यावर चढवितां येतें, कारण भोंकें थोडीं सैल असतात. परंतु प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर बाहेर ओढला जाऊन तिरपा आवळला जातो. तो घट्ट लागतो खरा, तथापि ती घट्टी चाक दाबण्याची नसून बोल्ट वांकविण्याची असते. असें चाक कांहीं महिने चालतेंही, आणि हेंच अधिक वाईट. कारण मालकाचा विश्वास बसलेला असतो.

मधलें छिद्र

वर्तुळ तंतोतंत जुळलें म्हणजे दुसरें माप मधल्या छिद्राचें. ५ × ११४.३ हें वर्तुळ टोयोटा, होंडा व ह्युंदाई या तिघांच्याही अनेक मोटारींस आहे. परंतु हबच्या उंचवट्याचा व्यास टोयोटाचा ६०.१, होंडाचा ६४.१ व ह्युंदाईचा ६७.१ मिलिमीटर असतो. लहान छिद्राचें चाक मोठ्या उंचवट्यावर बसतच नाहीं. तें कानस मारून किंवा लेथवर मोठें करण्याच्या भरीस पडूं नये. मोठ्या छिद्राचें चाक लहान उंचवट्यावर सैल बसतें, आणि आमच्या स्नेह्यांची फसगत झाली ती येथेंच. यास उपाय आहे: बाहेरचा व्यास चाकाच्या छिद्राएवढा व आंतला हबएवढा अशी कडी मिळते, ती घातल्यानें चाक आपोआप मध्यावर येतें. कडी दोहोंकडे बोटाच्या दाबानें बसावी. खडखडूं नये व ठोकावीही लागूं नये.

ऑफसेट व रुंदी

चाकाचें जें तोंड हबला टेंकतें तें रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर किंवा आंत आहे, त्यास ऑफसेट म्हणतात. चाकाच्या मागील अंगास ‘ईटी’ या अक्षरांपुढें हा आंकडा कोरलेला आढळतो. ईटी ४५ च्या जागीं ईटी २० चें चाक घातल्यास तें २५ मिलिमीटर बाहेर येतें. दोन्ही बाजूंचा विचार केल्यास मोटारीचा पल्ला ५० मिलिमीटरांनीं वाढतो. दिसावयास गाडी रुबाबदार दिसते, परंतु बेअरिंगवरील ताण वाढतो व टायर मडगार्डास घासूं शकतें. याच्या उलट ऑफसेट अधिक झाल्यास चाक आंत जाऊन ब्रेकला किंवा शॉक-ॲब्सॉर्बरला लागण्याचें भय.

रुंदीही यांतच येते. ऑफसेट तोच ठेवून साडेपांच इंचांच्या रिमऐवजीं सात इंचांचें रिम घेतल्यास दीड इंच रुंदी वाढते. म्हणजे सुमारें १९ मिलिमीटर आंत व तितकेंच बाहेर. आंकडा कोरलेला नसेल तर चाक पालथें ठेवून मागील कडांवर सरळ पट्टी आडवी टाकावी व पट्टीपासून टेंकण्याच्या तोंडापर्यंतची खोली मोजावी. कडांसह जी एकंदर रुंदी भरेल तिचा निमा भाग या खोलींतून वजा केला असतां ऑफसेट मिळतो.

नटाची बैठक व आटे

नट चाकाच्या भोंकांत ज्या जागीं टेंकतो ती त्याची बैठक. ती तीन प्रकारची असते: निमुळती, गोलसर व सपाट. निमुळत्या बैठकींत गोलसर नट घातल्यास तो बारीकशा कडेवरच टेंकतो. आवळतांना घट्ट वाटतो, परंतु थोड्या धांवेनंतर ती कड झिजते व दाब नाहींसा होतो. म्हणून चाक बदलतांना नटही त्या चाकाच्या बैठकीचेच घ्यावेत. जुन्या नटांत पैसे वाचविणें ही खरी काटकसर नव्हे.

आट्यांविषयींही तसेंच. सुझुकीच्या मोटारींत १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडावर आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर असतें. टोयोटा, होंडा व ह्युंदाई यांच्या १२ मिलिमीटरच्या स्टडावर तें १.५ असतें. एकाचा नट दुसऱ्यावर एखाददुसरा फेरा फिरतो व अडतो. तेथें पान्याचा जोर केल्यास आटे कायमचे बिघडतात. नट प्रथम बोटांनींच फिरवावा हा नियम याचसाठीं आहे. तो स्टडाच्या जाडीइतका तरी आंत गेला पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडावर १.५ चे आटे असल्यास किमान आठ फेरे व १.२५ चे असल्यास सुमारें दहा फेरे मोजावेत. अलॉय चाक टेंकण्याच्या जागीं लोखंडी चाकाहून जाड असतें, त्यामुळें जुना स्टड अपुरा पडण्याचा संभव असतो. युद्धकालीन विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडांचे आटे उलटे असत. अशी जुनी जीप ज्यांच्याकडे आहे त्यांनीं जोर करण्यापूर्वीं आट्यांची दिशा पाहावी.

भाराचा हिशेब

शेतकऱ्याची मोटार रिकामी क्वचितच धांवते. समजा, गाडीच्या मागील आंसावर भरल्यावेळीं १,२५० किलोग्रॅम भार येतो. म्हणजे प्रत्येक चाकावर ६२५. टायरवर भाराचा सांकेतिक आंकडा छापलेला असतो. ९१ म्हणजे ६१५ किलोग्रॅम, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०. येथें ९१ चें टायर अपुरें, ९२ चें काठावरचें व ९४ चें निर्धास्त होय. अलॉय चाकाच्या मागील अंगासही तें किती भार सोसेल हें बहुधा कोरलेलें असतें. लहान मोटारीचें चाक सात माणसांच्या किंवा मालाच्या गाडीस घालण्यापूर्वीं हा आंकडा अवश्य वाचावा. तो नसेल तर असें चाक भाराच्या गाडीस घालूं नये.

बसवून पाहण्याची रीत

आतां प्रत्यक्ष तपासणीकडे वळूं. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, समोरच्या चाकास दगड लावावा आणि जॅक भक्कम फळीवर ठेवावा. हबचें तोंड तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावें. गंज, जुना रंग व वाळलेली काळी माती यांचा पातळ थरही पुढें दबून नट सैल करतो. नंतर हबच्या तोंडावर खडू घासावा, नवें चाक नटांनीं बेताचें आवळून लावावें व पुन्हां उतरवावें. चाकाच्या आंतल्या अंगास खडूचा ठसा सर्व बाजूंनीं सारखा उमटला असेल तर तोंड सपाट टेंकतें. एकाच बाजूस उमटल्यास कांहीं तरी अडतें आहे. खडू पुसून मगच चाक कायमचें लावावें.

सर्व नट बोटांनीं फिरवून मग पान्यानें समोरासमोर, पांच असल्यास एकाआड एक, थोडे थोडे आवळावेत. चाक हातानें फिरवून ब्रेकला कोठें लागत नाहीं हें पाहावें. गाडी खालीं उतरवून नट पुरे आवळावेत. पुढील चाकांसाठीं सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावें. नंतर गाडींत माणसें बसवून किंवा नेहमींचा माल भरून तीच परीक्षा पुन्हां करावी, कारण रिकाम्या गाडीस न लागणारें टायर भरल्या गाडीस लागतें.

किती आवळावें? १२ मिलिमीटरच्या स्टडास बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर जोर सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आंकडा तिच्या माहितीपुस्तकांतून घ्यावा. ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकास ३४ किलोग्रॅमचा जोर लावला म्हणजे सुमारें १०० न्यूटन-मीटर होतात. ६५ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य त्याच पान्यावर उभा राहिला तर १९० होतात. पान्यावर नाचणारा मनुष्य चाक पक्कें करीत नसून स्टड ताणून निकामी करीत असतो. आट्यांस तेल लावूं नये. तेलामुळें तेवढ्याच जोरांत नट अधिक ताणला जातो. जोर दाखविणारा पाना दहा-पांच शेतकऱ्यांनीं मिळून एक घेतल्यास खर्च कोणासही जड जाणार नाहीं.

चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर धांव झाली कीं नट पुन्हां तपासावेत. त्यानंतरही नटाभोंवतीं गंजाचा ओघळ, बैठकीभोंवतीं घांसून चकचकीत झालेली धातु, लांबट झालेलें भोंक, वळणावर येणारा टक्‌टक् आवाज किंवा सुकाणूची नवी थरथर, यांपैकीं एकही खूण दिसतांच गाडी थांबवावी. भोंक लांबट झालेलें चाक दुरुस्त होत नाहीं. तें मोडींतच द्यावें, दुसऱ्यास विकूं नये.

शेवटीं एक विनंति. आपल्या गाडीच्या स्टडांची संख्या, वर्तुळ, मधलें छिद्र, ऑफसेट, रुंदी, आटे, बैठक, भार व आवळण्याचा जोर हे नऊ आंकडे एका कागदावर लिहून तो गाडीच्या कप्प्यांत ठेवावा, आणि चाक विकत घेतांना दुकानदारासमोर तो उघडावा. स्टेपनीचें चाकही याच कागदाशीं ताडून पाहावें. कारण तिची गरज पडते ती बहुधा रात्रीं, आडवाटेस, आणि दुसरा उपाय नसतांना. आमच्या स्नेह्यांनीं त्या सायंकाळीं जुनीं लोखंडी चाकें घासून, हातानें नट लावून पुन्हां चढविलीं व दुसऱ्या दिवशीं मंडळी लग्नास सुखरूप पोंचली. अलॉय चाकें आजही त्यांच्या गोठ्याच्या भिंतीशीं टेंकून उभीं आहेत. पांच भोंकें तशींच जुळणारीं, परंतु तीं गाडीस लावण्याचें नांव घरांतील कोणी काढीत नाहीं.